बदललेल्या पानाची दवंडी

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगा फुगली. वर मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले, वाटेतल्या नद्या-नाल्यांनी त्यात भर घातली आणि वैनगंगेवरच्याच गोसीखुर्द धरणाचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरले. धरणाखाली ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या भागात ऐन भरात आलेल्या धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. वरून किती पाणी येते आहे हे खालच्या लोकांना वेळेत कळले का, यावर पुढे बरेच दिवस वाद होत राहिला.

अशा रात्री नदीकाठचा माणूस काय करतो? मोबाइल हातात घेतो, धरणाच्या पाणीपातळीचे पान उघडतो आणि बोटाने खाली ओढतो. पान पुन्हा येते. आकडा तोच. पाच मिनिटांनी पुन्हा ओढतो. मग डोळा लागतो, आणि नेमका त्या दीड तासात आकडा बदलतो.

पूर्वी गावात बातमी चालत यायची. कोतवाल डफडे वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचा, कामात असलेल्याच्याही कानावर दवंडी पडायची. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ती कळत होती. आज सरकारी सूचना संकेतस्थळावर ‘प्रसिद्ध’ होते. कायद्याच्या दृष्टीने ती जाहीर झालेली असते, पण संकेतस्थळाला पाय नसतात. ते आपल्या दारी येत नाही, आपणच त्याच्या दारी रोज जायचे असते. कोणत्या दिवशी जायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

पवनी तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावठाणात माझे एक स्नेही राहतात. त्यांचे मूळ गाव गोसीखुर्दच्या बुडिताखाली गेले. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने लाभार्थ्यांची सुधारित यादी आपल्या संकेतस्थळावर टाकली. यादीत त्यांच्या वडिलांच्या नावात चूक होती. हरकत घ्यायला मुदत होती, पण यादी लागल्याचे त्यांना कळले तेव्हा मुदत संपून बारा दिवस झाले होते. ती चूक दुरुस्त करायला त्यांना दोन वर्षे खेटे घालावे लागले. ‘यादी तर वेबसाइटवर होती ना,’ हे वाक्य त्यांनी त्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकले की अजूनही ते ऐकले की त्यांचा चेहरा उतरतो.

संकेतस्थळाच्या पानावर पहारा ठेवणारी साधने याच कामाची आहेत. ती आपल्या वतीने ठरावीक वेळाने पान उघडून पाहतात, मागच्या खेपेशी ताडून बघतात आणि फरक दिसला तर ई-मेल किंवा मोबाइलवर निरोप पाठवतात. व्हिजुअलपिंग आणि डिस्टिल ही त्यांतली माहितीची नावे. चेंजडिटेक्शन डॉट आयओ हे मुक्तस्रोत साधन आपल्या स्वतःच्या संगणकावर बसवता येते. यूआरएलवॉच थोडे तांत्रिक आहे, पण फुकट आहे आणि भरवशाचे आहे. पहिल्या दोघांत थोड्या पानांसाठी पैसे लागत नाहीत, आणि एका गावाला लागणारी पाने थोडीच असतात.

हे चालते कसे, ते समजून घेतले तर ते कुठे फसते हेही कळते.

पान बदलले का, हे ओळखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे थेट विचारणे. वेबच्या भाषेत तशी सोय आहे. पहारेकरी सर्व्हरला म्हणतो, ‘मी काल सकाळी दहा वाजता हे पान नेले होते, त्यानंतर काही बदलले असेल तरच दे.’ बदल नसेल तर सर्व्हर अख्खे पान न पाठवता ‘३०४’ एवढा क्रमांक परत करतो, म्हणजे ‘काही फरक नाही’. पण पुष्कळ सर्व्हर या प्रश्नाचे नीट उत्तर देत नाहीत, दर वेळी पान नव्याने घडवून देतात. मग दुसरा मार्ग घ्यावा लागतो: पूर्ण मजकूर आणायचा आणि त्याचा ठसा काढायचा. या ठशाला हॅश म्हणतात. कितीही मोठा मजकूर द्या, ‘शा-२५६’ नावाची गणिती रीत त्याचा चौसष्ट चिन्हांचा ठसा काढून देते. मजकूर तोच असेल तर ठसा तोच राहतो. ‘७ ऑगस्ट’चे ‘१७ ऑगस्ट’ झाले की ठसा सबंध बदलतो, आधीच्या ठशाशी त्याचे काही साम्य उरत नाही. म्हणून पहारेकऱ्याला सारे पान लक्षात ठेवावे लागत नाही, फक्त ठसे जुळवले तरी भागते.

पण ठसा ‘बदल झाला’ एवढेच सांगतो, ‘कुठे झाला’ ते सांगत नाही. त्यासाठी दोन मजकूर ओळीला ओळ लावून बघावे लागतात. हे काम संगणकाकडून करून घेण्याची रीत १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी बसवली. दोन्ही मजकुरांत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब साखळी शोधायची, आणि साखळीत न बसलेल्या ओळी वेगळ्या काढायच्या. जुन्या मजकुरात उरलेली ओळ म्हणजे काढलेली, नव्यात उरलेली म्हणजे घातलेली. आजची साधने पहिली लाल आणि दुसरी हिरवी दाखवतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही कल्पना परकी नाही. सातबाऱ्यावर आधी काय होते, नंतर काय झाले आणि कशामुळे झाले, याची तलाठ्याकडची नोंद म्हणजे फेरफार. पानाचा फरक दाखवणारे साधन त्या पानाची फेरफार वहीच ठेवत असते.

आता फसण्याच्या जागा. सरकारी संकेतस्थळावर पहारा बसवला की पहिल्याच दिवशी दहा-वीस निरोप येतात आणि एकाही निरोपात बातमी नसते. पानाच्या तळाशी किती जणांनी भेट दिली याचा आकडा असतो, तो दर वेळी वाढतो. कोपऱ्यात आजची तारीख असते. वरची छायाचित्रे फिरत असतात. साधनाच्या दृष्टीने हे सगळे बदलच आहेत. म्हणून संपूर्ण पानावर पहारा ठेवू नये. जवळजवळ प्रत्येक साधनात पानाचा हवा तेवढाच तुकडा निवडण्याची सोय असते. ‘सूचना’ किंवा ‘भूसंपादन’ या मथळ्याखालची यादी तेवढी चौकटीत घ्यायची आणि बाकीचे पान विसरायचे. एवढ्या एका गोष्टीने खोटे निरोप बहुतेक थांबतात. हे न करता सुरुवात केलेल्या माणसाने आठवड्याभरात साधन बंद केल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. खोट्या दवंडीचा कंटाळा आला की खरी दवंडीही ऐकू येत नाही.

दुसरी अडचण खास आपल्या भाषेची आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात ती सहसा सापडत नाही. ‘अमुक शब्द आला तरच कळव’ अशी अट साधनाला घालता येते. समजा आपण ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दिला. यातला डोळ्यांना एकसारखा दिसणारा ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारे एक जोडचिन्ह असते. टंकलेखन करणाऱ्याचा कळफलक कोणता, यावर ते ठरते. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. आपण एका प्रकारे शब्द दिला आणि कार्यालयाने दुसऱ्या प्रकारे लिहिला, तर पहारेकरी शेजारून निघून जातो. उपाय साधा आहे: शब्द पुरता देऊ नये, ‘शेतक’ एवढाच द्यावा. दोन्ही रूपांत तेवढा भाग समान असतो.

गावांच्या आणि धरणांच्या नावांचेही तसेच. वैनगंगेवरच्या या धरणाचे नाव कुठे गोसीखुर्द, कुठे गोसेखुर्द, कुठे मध्ये जागा सोडून ‘गोसे खुर्द’ आणि कुठे ‘इंदिरासागर प्रकल्प’ असे लिहिलेले सापडते. रोमन लिपीतही ‘सी’ आणि ‘से’ दोन्ही चालतात. अटीत ही सगळी रूपे घालावीत, नाहीतर निम्म्या सूचना हातून सुटतील. आकड्यांची गोष्ट निराळी नाही. एके ठिकाणी देवनागरी आकडे, दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी, आणि ‘इतक्यापेक्षा मोठा आकडा आला तर कळव’ ही अट काही साधनांना देवनागरी आकड्यांवर लावता येत नाही.

तिसरी अडचण सर्वांत जड. आपल्याकडच्या पुष्कळ सूचना मजकूर म्हणून चढवलेल्याच नसतात, सहीशिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र काढून पीडीएफ चढवलेली असते. पहारेकऱ्याला त्यातले अक्षर वाचता येत नाही. काही कागद जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेले असतात. त्यांतला मजकूर उचलला तर अर्थहीन चिन्हांची रांग हाती लागते. अशा वेळी पीडीएफच्या आत न जाता, ज्या यादीत त्या पीडीएफचा दुवा लागतो त्या यादीवर लक्ष ठेवावे. नवा दुवा लागला एवढे कळले तरी पुरे, पुढचे वाचन माणसाने करावे. ते एका अर्थी बरेच आहे. नोटीस माणसानेच नीट वाचायला हवी.

आता गोसीखुर्दला हे कुठे कुठे लागते ते पाहू.

पाण्याची पाने पहिली. पण आधी धरणाची थोडी ओळख. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. मूळ मंजुरीतला खर्च सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता, तो पुढे हजारो कोटींत गेला. २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरहून लांब धरण, ३३ वक्राकार दरवाजे आणि २४५.५ मीटरची पूर्ण संचय पातळी. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मिळून सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्यासाठी हा प्रकल्प उभा राहिला. पावसाळ्यात त्याची पातळी आणि विसर्ग यांचे आकडे प्रसिद्ध होतात. केंद्रीय जल आयोगाच्या पूर अंदाज संकेतस्थळावर वैनगंगेवरच्या ठाण्यांची पातळी दिसते. भंडाऱ्याजवळचे कारधा हे त्यांतले महत्त्वाचे ठाणे. आयोगाने २०२३ मध्ये फ्लडवॉच हे मोबाइल ॲपही आणले आहे.

पण आकडा कळणे आणि आकडा समजणे यांत अंतर आहे. दोन गोष्टी नदीकाठच्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. पहिली, क्युसेक आणि क्युमेक्स. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच हजार लिटर. एका क्युमेकात सुमारे ३५.३ क्युसेक असतात. त्यामुळे ‘पाच हजार क्युमेक्स’ म्हणजे सुमारे १ लाख ७६ हजार क्युसेक. निरोप पुढे पाठवताना एकक चुकले तर पूर पस्तीस पटींनी लहान किंवा मोठा होतो. दुसरी, दरवाज्यांची संख्या. ‘३३ दरवाजे उघडले’ ऐकून छातीत धडकी भरते, पण ते अर्धा-अर्धा मीटर उघडलेले असू शकतात. पाणीपातळी तीच असेल तर ढोबळमानाने अर्ध्या मीटरच्या ३३ दरवाज्यांपेक्षा दीड मीटरच्या १५ दरवाज्यांतून जास्त पाणी जाते. म्हणून पहारा दरवाज्यांच्या संख्येवर नको, विसर्गाच्या रकान्यावर हवा.

आणि एक गोष्ट मी ठासून सांगतो. जीव वाचवण्यासाठी या साधनांवर एकट्याने विसंबू नये. पान उशिरा अद्ययावत होऊ शकते, वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात, आणि पूर नेमका याच वेळी येतो. सायरन वाजला, पोलीस पाटलाने सांगितले किंवा महसूल विभागाने सूचना दिली, तर मोबाइलवरचा आकडा पाहत बसू नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही यंत्रणा अधिकृत इशारे थेट पाठवते, तिचे ॲप प्रत्येक नदीकाठच्या घरात असावे. पानावरचा पहारा त्याआधीच्या तासांसाठी आहे: वर पाणी वाढते आहे, तर मोटारपंप काढून घ्यावा, जनावरे उंचावर न्यावीत, मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांनी डोंगे वर ओढून बांधावेत, एवढी तयारी करायला तो उसंत देतो.

खरा उपयोग मात्र मला दुसरीकडे दिसतो, जमिनीच्या कागदांत. पूर ओसरतो, पण गेलेली मुदत परत येत नाही.

२०१३चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत, ग्रामपंचायतीत आणि शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी लागते. कलम १५ प्रमाणे तेव्हापासून ६० दिवसांत हरकत घेता येते. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीसाठी २००६च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. फेरफाराचे तर त्याहून कमी दिवसांत आटोपते, हरकतीला १५ दिवस. भूमी अभिलेख विभागाने ‘आपली चावडी’ नावाचा डिजिटल सूचना फलक सुरू केला आहे. आपल्या गावातल्या कोणत्या गटाच्या फेरफाराची नोटीस निघाली आणि हरकतीची शेवटची तारीख कोणती, हे तिथे घरबसल्या दिसते. मुंबई-पुण्याला किंवा सुरतेला कामाला गेलेल्या भावाला आपल्या नावच्या शेतात काय चालले आहे हे पाहण्याची याहून चांगली जागा नाही. पण ती पाहावी लागते. नाव चावडी असले तरी या चावडीवर कोतवाल नाही.

गोसीखुर्दच्या माणसांनी हे सगळे एकदा भोगले आहे. ऐंशीहून अधिक गावे या धरणाने हलवली. २०१३ मध्ये सुमारे ११९९ कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, तेही अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर. कोण पात्र, कोण अपात्र, कोणाचा वाटा वेगळा धरला, कोणाचे घर मोजलेच नाही, हे सगळे याद्यांत ठरले. यादी म्हणजे त्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य असते.

आता पुढची पाळी आली आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याची मंजुरी मिळाली. गोसीखुर्दच्या जलाशयातून निघून सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत न्यायचा आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांत सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर जमिनीला पाणी द्यायचे आहे. खर्च ८७ हजार कोटींच्या वर. विदर्भाच्या कोरडवाहू शेतीला हे पाणी मिळावे असे मला मनापासून वाटते. पण एवढ्या लांब मार्गावर भूसंपादनाच्या अधिसूचना, सुनावण्या, मोजण्या, निविदा आणि त्यांची शुद्धिपत्रके निघणार आहेत. ती वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या, विभागांच्या, पाटबंधारे महामंडळाच्या संकेतस्थळांवर लागतील. ज्यांची शेते या रेघेत येतात त्यांतल्या बहुतेकांनी ही संकेतस्थळे आजवर एकदाही उघडलेली नसतील. पहारा बसवायचा तर पहिली नोटीस निघायच्या आधी बसवायला हवा.

शासन निर्णयांवर लक्ष ठेवणे त्या मानाने सोपे आहे. राज्याच्या संकेतस्थळावर ते विभागवार आणि तारखेवार लागतात, आणि प्रत्येकाला अठरा अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस, शेवटचे दोन विभागाचे. व्हॉट्सॲपवर कोणी ‘नवीन जीआर’ म्हणून कागद पाठवला तर आधी हा आकडा बघावा. चार वर्षांपूर्वीचा निर्णय नवा म्हणून फिरत असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

पानावरचा मजकूर बदलतो, आणि कधी कधी नाहीसाही होतो. अमेरिकेत २०१६ साली पर्यावरणविषयक माहिती जपण्यासाठी ‘एन्व्हायर्नमेंटल डेटा अँड गव्हर्नन्स इनिशिएटिव्ह’ हा अभ्यासकांचा गट उभा राहिला. त्याने सरकारी संकेतस्थळांच्या हजारो पानांवर अशाच साधनांनी पहारा ठेवला, आणि हवामान बदलाविषयीचे शब्द कुठून कधी काढले गेले याची तारीखवार नोंद जगापुढे ठेवली. सरकारी नोंद पुसली गेली तरी नागरिकांची नोंद उरली.

आपल्यालाही तेच करायचे आहे. बदलाचा निरोप आला की पानाची प्रत त्याच वेळी जपून ठेवावी. इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये ‘आता हे पान जतन कर’ अशी सोय आहे, पत्ता टाकला की त्या क्षणाचे पान तारीख-वेळेसह साठवले जाते आणि कोणालाही दाखवता येते. स्वतःच्या संगणकावरही पूर्ण पान उतरवून ठेवावे. केवळ पडद्याचे छायाचित्र पुरत नाही, त्यात पानाचा पत्ता आणि वेळ अनेकदा येत नाही. प्रकरण न्यायालयात गेले तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश नोंदवायला जागा आहे. वर सांगितलेला चौसष्ट चिन्हांचा ठसा तो हाच. फाइल उतरवली त्याच दिवशी तो काढून वहीत लिहून ठेवला, तर ‘कागद नंतर बदलला’ असे म्हणणे अवघड होते. हे काम वकिलाकडे जाण्याच्या दिवशी करायचे नसते.

प्रत्यक्ष बसवायला फार लागत नाही. गावातल्या पदवीच्या एखाद्या मुलीला किंवा ग्रामपंचायतीच्या संगणक चालकाला एका दुपारी जमेल. पावसाळ्यात विसर्गाचे पान अर्ध्या तासाने तपासावे, भूसंपादनाच्या आणि सूचनांच्या याद्या दिवसातून एकदा, निविदा सकाळ-संध्याकाळ. दर मिनिटाला पान उघडायला लावू नये. सरकारी सर्व्हर आधीच दमलेले असतात, आणि पुराच्या रात्री शेकडो पहारेकरी एकाच दारावर धडका मारू लागले तर ते दार सगळ्यांसाठीच बंद होईल. परदेशातल्या सर्व्हरवरून चालणाऱ्या साधनांना आपली काही सरकारी संकेतस्थळे आत घेत नाहीत. तिथे आपल्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालणारे साधन वापरावे, डिस्टिलमध्ये ती सोय आहे. जिथे दर वेळी वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरावी लागतात, तिथे यंत्राचा पहारा चालत नाही. तिथे सोमवार ठरवून माणसानेच पाहावे. आणि ज्या पानावर आपला पासवर्ड लागतो, बँकेचे असो की आधारचे, ते पान अशा कोणत्याही साधनाच्या हाती देऊ नये.

निरोप आला नाही, याचे दोन अर्थ होतात. एक, काही बदलले नाही. दुसरा, पहारेकरी मेला. संकेतस्थळाची नवी रचना झाली, पानाचा पत्ता बदलला, निवडलेला तुकडा जागेवरून हलला की साधन मुकाट्याने थांबते किंवा कोऱ्या पानाकडे बघत राहते. म्हणून महिन्यातून एकदा पान स्वतः उघडून साधनाकडच्या शेवटच्या प्रतीशी ताडून बघावे. घरात कोणी एकाने हे केले तर ते त्याच्याबरोबर शहरात निघून जाते. पाच-सहा जणांनी मिळून, एकाच गटाच्या नावाने केले तर टिकते. निरोप एका माणसाच्या मोबाइलवर न येता गावाच्या गटावर यावा, आणि तो वाचून कोणाच्या शेताशी त्याचा संबंध आहे हे त्या घरी जाऊन सांगणारा माणूस ठरलेला असावा. यंत्र फक्त बदल दाखवते, गावात तो पोचवावा लागतो.

कार्यालयांकडेही माझे मागणे आहे, आणि ते अवघड नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ मधले कलम ४ म्हणते की नागरिकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी इतकी माहिती कार्यालयांनी स्वतःहून, इंटरनेटवरूनही, देत राहावी. मग प्रत्येक सूचनेपुढे ती चढवल्याची तारीख असावी. छायाचित्राच्या पीडीएफसोबत युनिकोडमधला मजकूरही असावा. यादी सुधारली तर जुनी काढून न टाकता दोन्ही ठेवाव्यात. आणि नव्या सूचनांची ‘फीड’ असावी, म्हणजे कोणालाही एकदा नाव नोंदवून त्या आपोआप मिळतील. ही सोय १९९९ पासून जगात आहे. ज्या कार्यालयाच्या एका यादीवर शंभर कुटुंबांचे घर अवलंबून आहे, त्याने एवढे करणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

तोपर्यंत आपले काम आपण करू. आपल्या गावाशी संबंध असलेले एकच पान निवडा, या आठवड्यात त्यावर पहारा बसवा, आणि पहिला खरा निरोप येईल तेव्हा तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने, मोठ्या अक्षरांत, शेवटच्या तारखेसह लिहा.